घरची साय, बेकरीची मजुरी

१९९६ च्या मे महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बेकरीत पहिल्यांदा पेस्ट्री विक्रीला ठेवण्यात आली. प्रकार तीन होते : अननस, चॉकलेट आणि गुलाबी रंगाची एक, जिला स्ट्रॉबेरी म्हटले जाई. दर प्रत्येकी सहा रुपये. त्यासाठी दुकानाच्या दर्शनी भागात काचेचा फ्रीज आला आणि त्याला जागा करायला टोस्टचे मोठे पत्र्याचे डबे आतल्या खोलीत हलवावे लागले.

पेस्ट्री करणारी मालकांची सून होती. तिचे माहेर बेळगावचे. तिथे तिच्या मामांची बेकरी होती आणि क्रीम फेटणे, केकवर फुले काढणे हे काम ती लग्नाआधी तिथे शिकली होती. सासरी आल्यावर मात्र ती दुकानाच्या आतल्या बाजूलाच असे. पीठ चाळणे, भट्टीत घालायच्या पत्र्यांना तूप लावणे, खारीच्या घड्या घालणे. तिचा नवरा हॉटेलांना पाव पोचवायचा टेम्पो चालवत असे. गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याची पद्धत त्या घरातल्या बायकांत नव्हती.

फ्रीज घेताना मालकांनी घातलेली अट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती त्यांनी गिऱ्हाइकांच्या देखतच घातली होती.

"पुढच्या पाडव्यापतूर हितं उभी ऱ्हाऊन बघ," ते म्हणाले होते. "पेस्ट्री चालली तर तू हितंच ऱ्हा. न्हाय चालली तर फ्रीज इकायचा, डबं परत भाईर, आन तू आत."

"व्हय मामा," सून सासऱ्यांना म्हणाली होती.

आमच्या वर्तमानपत्राचे कार्यालय त्याच रस्त्याला होते. दुपारची पाळी सुरू होण्याआधी संपादकीय विभागातले आम्ही तिघे-चौघे खारी घ्यायला तिथे जात असू. दुकानाबाहेर लाकडी बाक होता, शेजारच्या गाड्यावर चहा मिळे. पुढे जे आहे ते बहुतांशी त्या बाकावरून दिसलेले आणि ऐकलेले आहे. जे नंतर कळले ते तसे म्हटले आहे.

*

त्या बेकरीचे खरे धंदे दोन होते. एक रोजचा : पाव, खारी, बटर, टोस्ट. दुसरा मजुरीचा. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरच्या बायका मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन येत आणि नानकटाई भाजून नेत. कागल, बिद्रीकडून पाहुणे आले की त्यांच्याबरोबर कारखान्याच्या सभासदांना मिळणारी साखर येई आणि तीच बेकरीत पोचे. मजुरी किलोवर. माल ज्याचा त्याचा.

माल देऊन घरी निघून जायची रीत नव्हती. बाई डबा घेऊन आत जाई, भट्टीजवळच्या स्टुलावर बसे आणि आपले तूप आपल्याच पिठात जाते की नाही हे शेवटच्या पत्र्यापर्यंत पाहत राही. यात बेकरीवाल्याला कोणी चोर ठरवतेय असे कोणालाच वाटत नसे. मालक स्वतःच स्टूल पुढे करत. गर्दीच्या दिवसांत स्टुले कमी पडली तर शेजारच्या पानपट्टीतून मागवत. भट्टीचे दार उघडले की वेलदोड्याचा आणि तुपाचा वास रस्त्याच्या पलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जाई, आणि तो दुकानदार तिथूनच ओरडून विचारे, "कुणाची निघाली?" कोणाची निघाली हे त्याला सांगितले जाई. दोन-तीन नग त्याच्याकडेही पोचत. निघालेली नानकटाई गरम असताना डब्यात भरायची नाही, हे प्रत्येक बाईला माहीत असे आणि तरी प्रत्येक बाई दुसरीला ते सांगे.

मालाबद्दल आणि भावाबद्दल बोलण्याचीही एक पद्धत होती. दर जास्त आहे असे मालकांना तोंडावर कोणी म्हणत नसे. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात. मालकही उत्तर त्या माणसाला देत नसत. ते तिसऱ्याच कोणाकडे तरी बघून बोलत. "मैद्याचं पोतं कितीला पडतंय, इचारा बाजारात," असे ते आमच्यापैकी एकाला सांगत आणि ज्याला ऐकायचे तो ऐके.

*

पेस्ट्रीबद्दलची मते पहिल्याच आठवड्यात आली.

गल्लीतल्या एका वयस्कर बाईंनी काचेतून बराच वेळ पाहून विचारले, "किलोला काय भाव?"

"नगावर हाय आक्का," सून म्हणाली. "एक सा रुपयं."

"नगावर म्हंजे? खारी किलोवर, बटर किलोवर, आन ह्येच तेवढं नगावर? घाल तराजूत."

सुनेने पेस्ट्री कागदासकट तराजूत घातली. सत्तर ग्रॅमच्या आसपास भरली. बाईंनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मागे उभ्या असलेल्या धान्याच्या व्यापाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "पंच्याऐंशी रुपयं किलो झालं. एवढ्यात मटण येतंय की."

व्यापारी जैन होते. पेठेत त्यांना सगळे आण्णा म्हणत. "आक्का, माझ्यासमोर दुसरा कायतरी भाव काढा," ते म्हणाले. दुकान हसले. सूनही हसली, असे आठवते. पण त्या दिवसापासून पेठेत त्या पदार्थाचे नाव 'मटणाच्या भावाची' असे पडले आणि पोरे ते नाव घेऊनच मागू लागली.

आण्णांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना नातवंडांसाठी बिनअंड्याची हवी होती, आणि बिनअंड्याची आहे एवढ्या उत्तरावर त्यांचे भागत नव्हते. "भांडं वेगळं हाय का ताई? फेटणी? पत्रा?" सुनेने दुसऱ्या दिवशी बिनअंड्याची भांडी वेगळ्या फळीवर लावली आणि ती फळी काउंटरवरून दिसेल अशी ठेवली. आण्णा येताना आधी फळी पाहत, मग फ्रीज. आठवड्याला चार पेस्ट्री नेत. चवीबद्दल विचारले तर म्हणत, "पोरं खात्यात."

तिसरे कायमचे गिऱ्हाईक एक शिक्षिका होत्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलीला घेऊन येत, एक अननस घेत, चमचे दोन मागत. त्यांचे मत सगळ्यांत थेट होते. "ताई, केक मऊ आहे. वरचं क्रीम टाळूला चिकटतंय. फुलं मात्र सुंदर."

टाळूला चिकटते हे सगळ्यांनीच म्हटले. कारण सरळ होते. क्रीम म्हणजे दळलेल्या साखरेबरोबर फेटलेले वनस्पती तूप. तेव्हा गावातल्या बहुतेक ठिकाणी तेच होते आणि सुनेने ते कधी लपवले नाही. वनस्पतीत फूल उभे राहते, पाकळीची कड मोडत नाही, हे ती विचारणाऱ्याला सांगे. तिची फुले खरोखर चांगली होती. अननसाच्या पेस्ट्रीवर ती पिवळे शेवंतीचे फूल काढी, एकीत दुसरी पाकळी घालत, हात न थांबवता. पोरे काचेला नाक लावून ते पाहत. विकत घेणारी कमी असत.

"डालडा खायचा तर घरी काय कमी हाय?" हे मत एका रिक्षावाल्याचे.

"सा रुपयात कटासकट मिसळ येती, वर पाव," हे चहाच्या गाडीवाल्याचे. पेठेत बहुतेक गोष्टींची किंमत शेवटी मिसळीत मोजली जाई.

"काल बी हीच हुती हितं, ह्याच कोपऱ्यात," हे आमच्यातल्याच एकाचे. सुनेने ती पेस्ट्री फ्रीजमधून काढून आत नेली. त्यानंतर शिल्लक माल त्याच दिवशी संध्याकाळी आत जाऊ लागला. घरात तो कोण खात असे ते कळले नाही. मालक गल्ल्यावर बसून हे पाहत.

गणपतीत थोडी विक्री झाली. दिवाळीत पेस्ट्रीकडे कोणी पाहिलेही नाही, कारण दुकान स्टुलांवर बसलेल्या बायकांनी भरलेले होते आणि फ्रीजवर त्यांचे तुपाचे डबे ठेवलेले होते. सुनेने एकदा ते डबे उचलून खाली ठेवले. मालकांनी ते पुन्हा वर ठेवले. "गिऱ्हाइकाचं तूप भुईला नगं," एवढेच ते म्हणाले.

*

जानेवारीच्या अखेरीस गडमुडशिंगीचे एक शेतकरी दुकानात आले. दर दिवाळीला त्यांच्या घरची नानकटाई इथेच होत असे, त्यामुळे ओळखीचे होते. साठीच्या पुढचे. हातात कडीचा मोठा डबा आणि पिशवी.

"या पावणं," मालक म्हणाले. "आता कसली नानकटाई?"

"नानकटाई न्हवं. नातवाचा पयला वाढदिस हाय. केक पायजे." त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढले. "साय आणलीया. साकर हाय. तूप हाय. अंडी बी आणल्यात, घरच्या कोंबडीची. मैदा तेवढा तुमचा घाला."

डबा सायीने गळ्यापर्यंत भरलेला होता. तीन-चार दिवसांची, घट्ट, किंचित आंबूस वासाची.

सुनेने डब्यात पाहिले. "काका, केकची क्रीम येगळी असती. घरच्या सायीची हुत न्हाय."

"का हुत न्हाय? त्येला म्हस काय परदेशातली लागती?"

"तसं न्हवं. साय फेटली की..."

"क्रीम म्हंजे साय न्हवं?" त्यांनी बाकाकडे पाहून विचारले. आमच्यातल्या एकाने, शब्दाचा अर्थ म्हणून पाहिले तर साय म्हणजेच क्रीम, असे सांगितले. त्याने गोष्ट आणखी अडली.

सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. मालक गल्ल्यातली चिल्लर लावत होते. मान वर न करता म्हणाले, "माल घिऊन आल्याला माणूस ह्या दुकानातनं परत गेल्याला न्हाय, पोरी. कर काय हुतंय ते."

त्या घराचा तो नियम होता आणि सून त्याला अपवाद नव्हती. तिने डबा उचलला. शेतकऱ्यांनी नेहमीप्रमाणे स्टूल मागितले. पण साय फ्रीजमधल्या बर्फावर ठेवून फेटायची म्हणून ते काम ती काउंटरमागेच करणार होती, तेव्हा स्टूल दुकानाच्या मधोमध, फ्रीजसमोर ठेवले गेले. नानकटाई आत होत असे आणि ती ज्याची तोच पाही. हा केक दर्शनी भागात झाला आणि तो आल्यागेल्या सगळ्यांनी पाहिला.

तळाचा केक घरच्या अंड्यांचा आणि तुपाचा, तो आधी भट्टीतून निघाला. तो थंड होईतो दुपार झाली. मग तिने साय बर्फावर ठेवून तारेच्या फेटणीने फेटायला घेतली. सुरुवातीला ती फुगली. सुनेचा चेहरा जरा सैल झाला. तिने साखर घातली, हात वाढवला. थोड्या वेळाने साय कडेने फुटल्यासारखी दिसू लागली, दाणे धरू लागली, आणि मग एकदम पांढरा गोळा एकीकडे आणि निळसर पाणी एकीकडे झाले.

"लोणी आलं," शेतकरी म्हणाले.

त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हते. त्यांच्या घरी ते रोजच येत असे.

सून फेटणी धरून तशीच उभी राहिली. आण्णा तेव्हाच पेस्ट्री न्यायला आले होते. "आता एक भाकरी आन ठेचा मागवा," ते म्हणाले. "जेवूनच जातो."

मालक हसले नाहीत. ते काउंटरकडे पाहतही नव्हते.

सुनेने पाणी एका भांड्यात ओतायला घेतले.

"ताक टाकू नगंस पोरी," शेतकरी स्टुलावरून म्हणाले. "आमचं हाय त्ये."

"गोड हाय काका. साकर गेलीया त्यात."

"असूंदे. रेडकू पिईल."

तिने ताक त्यांच्या डब्यात परत ओतले. मग तिने गोळा थंड पाण्यात दोनदा धुतला, मलमलच्या फडक्यात दाबून कोरडा केला, नवी साखर चाळून घातली आणि पुन्हा फेटायला लागली. या वेळी तो फुटला नाही. पांढराशुभ्र, जड आणि चकचकीत झाला. म्हशीच्या लोण्याला मुळातच रंग नसतो, त्यामुळे कुठल्याही वनस्पतीपेक्षा तो पांढरा दिसत होता. तिने तो सुरीने केकवर पसरला. कड सरळ केली. शेवटी सवयीने शंकूत भरून फूल काढायला घेतले. तीन पाकळ्या झाल्या. चौथी घालताना पहिली खाली बसली. तिने फूल सुरीने काढून टाकले आणि जागा पुन्हा सपाट केली. नातवाचे नाव तेवढे लिहिले.

तो शनिवार होता. शिक्षिका मुलीसह आलेल्या होत्या. सुरीला लागलेले त्यांनी बोटाने घेऊन चाखले.

"हे चिकटत नाही," त्या म्हणाल्या.

मग मजुरीचा विषय निघाला.

"किती द्यायचं?" शेतकऱ्यांनी विचारले.

"पन्नास," सून म्हणाली.

"पन्नास कशाचं? साय माझी. तूप माझं. अंडी माझी. नानकटाईला बारा रुपयं किलो घेताय. ह्यो दोन किलोचा असंल नसंल. चोवीस झालं."

"नानकटाई एकदा भट्टीत घातली की मोकळी. हिथं दोनदा फेटलंय मी. बघत हुता की न्हाय?"

"बघत हुतो. पयल्यांदा फेटलंस त्ये वायाच गेलं की."

"वाया कुटं? ताक न्हेताय न्हवं घरी?"

आण्णा या वेळी मोठ्याने हसले. शेतकऱ्यांनी मालकांकडे पाहिले. भावाचा वाद मालक मिटवतात अशी तिथली रीत होती. मालकांनी चिल्लर लावणे सुरूच ठेवले. मग शेतकऱ्यांनी चाळीस रुपये काउंटरवर ठेवले, मालकांच्या गल्ल्यावर नव्हे, आणि उरलेली अंडी पिशवीतून काढून त्याशेजारी ठेवली. सुनेने दोन्ही उचलले.

*

पुढच्या आठवड्यात शेतकरी टोस्ट न्यायला आले, तेव्हा दुकानात चार-पाच गिऱ्हाइके होती. सुनेने काही विचारले नाही. त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला सांगायला सुरुवात केली.

"केक न्हेलता हितनं. येष्टीत गर्दी, नाव पार मोडलं. पोराचं नाव निम्मंच ऱ्हायलं. पण खाल्ला समद्यांनी. आमची आई भाईरचं कायबी तोंडात घालत न्हाय. तिनं दोनदा मागितला."

"मग महाग पडला का?" रिक्षावाल्याने विचारले.

"मजुरी लई घेत्यात," शेतकरी म्हणाले, सुनेला ऐकू जाईल असे. "पण डालडा न्हवता."

फेब्रुवारीत गडमुडशिंगीहून आणखी दोन डबे आले. मग कागलकडचे एक घर. मग पेठेतलेच, ज्यांचे म्हशीवाले नात्यातले होते ते. ज्या आक्कांनी पेस्ट्री तराजूत घालायला लावली होती, त्याही भाचीच्या साखरपुड्यासाठी साय घेऊन आल्या आणि स्टूल मागून घेऊन फ्रीजसमोर बसल्या. सुनेने आपल्या अटी ठरवल्या आणि त्या तोंडी सगळीकडे पोचल्या : साय तीन दिवसांपेक्षा शिळी नको, डबा सकाळीच यावा, मजुरी किलोला वीस, ताक ज्याचे त्याने न्यावे.

आण्णांनी एकदा बाकावर बसून हिशेब केला. एवढ्या सायीचे तूप किती निघाले असते, त्याचा बाजारभाव काय, साखर किती, अंडी किती, वर मजुरी. घरच्या सायीचा केक दुकानातल्या तयार केकपेक्षा दीडपटीने महाग पडतो असा त्यांचा निष्कर्ष होता. तो त्यांनी आक्कांना सांगितला.

"घरच्या वस्तूला कोण भाव लावतंय आण्णा?" आक्का म्हणाल्या.

दराची तक्रार करणारी मंडळी तीच होती. सहा रुपयांच्या पेस्ट्रीला महाग म्हणणाऱ्यांपैकी एकानेही सायीच्या केकला महाग म्हटल्याचे ऐकले नाही. तक्रारी आता दुसऱ्या होत्या. फ्रीजमध्ये ठेवला की दगड होतो. बाहेर ठेवला की वितळतो. एकीच्या सायीला आंबूस वास होता आणि तो मागच्या बाईच्या केकला लागला, असा एक वाद झाला. सून प्रत्येकीचे भांडे वेगळे ठेवू लागली.

तिला स्वतःला हे काम आवडत होते असे दिसले नाही. "ह्यो केक न्हवं, लोण्याचा गोळा हाय," असे ती शिक्षिकांना म्हणाल्याचे आठवते. "फूल बसत न्हाय ह्येच्यावर."

मार्चमध्ये तिने गुलाबी पेस्ट्री बंद केली. नंतर चॉकलेटही. अननसाची राहिली, कारण आण्णा आणि शिक्षिका ती घेत होते.

*

त्या वर्षीच्या पाडव्याला दुकान नेहमीप्रमाणे सकाळी उघडले. दाराला आंब्याची पाने, भट्टीवर हळदकुंकू. साखरेच्या माळा शेजारच्या दुकानात लटकत होत्या. बाकावर नेहमीपेक्षा गर्दी होती. सगळ्यांना काय ऐकायचे होते ते सगळ्यांना माहीत होते आणि कोणी विचारत नव्हते. मालक गल्ल्यावर होते. सून एका गिऱ्हाइकाला खारी तोलून देत होती.

शेवटी रिक्षावाल्याने चहाच्या गाडीवाल्याकडे बघून विचारले, "आज पाडवा न्हवं? मग फ्रीजचं काय ठरलं म्हणायचं?"

मालकांनी आमच्याकडे पाहिले. "फ्रीजचं काय?" ते म्हणाले. "मग लोणी कुटं ठेवायचं?"

सुनेने खारीचा पुडा बांधला, दोरा तोडला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते विचारले.

पाडव्यानंतर आठवडाभरात शिक्षिका एक ऑर्डर घेऊन आल्या. चौदा एप्रिलसाठी त्यांच्या वस्तीला मोठा केक हवा होता, पाच किलोचा. सुनेने साय किती आणणार ते विचारले.

"साय नको," त्या म्हणाल्या. "तुमचंच क्रीम लावा. एप्रिलच्या उन्हात लोणी टिकायचं नाही. आणि फुलं काढा. भरपूर."

"टाळूला चिकटंल," सून म्हणाली.

"चिकटू द्या."

त्या केकवर निळी फुले होती. कडेने रांग आणि मध्ये गुच्छ. सकाळपासून ती काउंटरवर फुले काढत होती आणि त्या दिवशी सायीचे डबे घेतले नाहीत. संध्याकाळी वस्तीतली चार माणसे लाकडी फळीवर केक उचलून घेऊन गेली. तो टाळूला चिकटला आणि पुरला नाही, असे शिक्षिकांनी नंतरच्या शनिवारी सांगितले. पुढच्या वर्षी ऑर्डर सात किलोची होती.

*

पुढची बारा-एक वर्षे बेकरी या दोन कामांवर चालली. आमच्या कार्यालयातली माणसे बदलली, बाक तोच राहिला. पेस्ट्रीचा दर सातावर गेला, मग आठ, मग दहा. प्रत्येक वाढीला आठवडाभर बोलणे होई. मटणाचा भाव त्याहून वेगाने वाढल्याने जुने नाव मागे पडले.

मालक २००२ च्या पावसाळ्यात वारले. दुकान तेरा दिवस बंद होते. उघडल्यावर गल्ल्यावर कोण बसणार याबद्दल पेठेत चर्चा होती. नवऱ्याने टेम्पो सोडला नाही. गल्ला काउंटरच्या शेजारी सरकवण्यात आला, म्हणजे एका माणसाला दोन्हीकडे पाहता यावे.

साय मात्र पातळ होत गेली. गडमुडशिंगीत दूध दोन्ही वेळा संकलन केंद्रावर जाऊ लागले आणि घरात चहापुरते राहू लागले. जमिनी विकल्या गेल्या आणि तिथे घरे उठली. पेठेतल्या बायका पिशवीच्या दुधाची साय आठवडाभर साठवून आणत. ती फेटली तर मूठभर लोणी निघे. काही जणी विकतच्या लोण्याच्या वड्या घेऊन येत आणि "ह्येच फेटा" म्हणत. सून त्याही घेई, कारण माल घेऊन आलेल्याला परत पाठवायची रीत नव्हती. स्टुलावर मात्र आता कोणी बसत नसे. डबा ठेवून, मोबाइल नंबर सांगून जात.

याच काळात मोठ्या रस्त्याला वातानुकूलित पेस्ट्रीची दुकाने निघाली. तिथे दर दुप्पट होता, क्रीम हलके होते, टाळूला चिकटत नव्हते आणि भाव कोणी विचारत नव्हते; तो चिठ्ठीवर लिहिलेला असे. आण्णांच्या नातवंडांचे वाढदिवस तिकडे होऊ लागले. आण्णा स्वतः इकडे येत राहिले. फळी पाहत, एक अननस घेत आणि बाकावर बसून खात. "तिकडं बसायला जागा हाय, बोलायला न्हाय," ते म्हणाले.

गडमुडशिंगीचे शेतकरी शेवटचे आले ते नातवाच्या दहाव्या वाढदिवसाला. डबा लहान होता. नातू बरोबर होता. त्याला वर फूल हवे होते. "बसत न्हाय फूल लोण्यावर," सुनेने त्याला सांगितले. मग तिने वनस्पतीचे थोडे क्रीम फेटून एक पिवळी शेवंती काढली आणि ती लोण्यावर ठेवली. मजुरीवरून थोडे बोलणे झाले. ते पुन्हा आल्याचे पाहिले नाही.

२००८ च्या दिवाळीत नानकटाईचा माल सात घरांतून आला. सायीचा डबा एकही आला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात लाकडावरची भट्टी पाडून विजेवरचा ओव्हन बसवण्यात आला आणि आतल्या खोलीतली स्टुले पानपट्टीला परत गेली. काचेचा फ्रीज बदलून मोठा आला. पेस्ट्री आठ प्रकारच्या झाल्या. दर पंधरा रुपयांपासून पुढे. काउंटरवर सून होती.